पर्यायाने, आडून, अप्रत्यक्षपणे : नाव न घेता केलेल्या उल्लेखाला नेमका शब्द कोणता?

नेरूळ_सेक्टर_वीस

नमस्कार मंडळी. एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त इंग्रजीतून मराठीत आणायचे आहे. इंग्रजी मसुद्यात एका जागी ‘ऑब्लिकली रेफर्ड टू’ असा प्रयोग आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

सभेत एक सभासद टाकीच्या दुरुस्तीवर बोलताना म्हणाले, “गेल्या वर्षी टाकीच्या कामाची बिले ज्यांनी सभेपुढे ठेवली नाहीत, त्यांनी आज पारदर्शकतेवर बोलू नये.” नाव कोणाचेच घेतले नाही. माजी खजिनदार सभेत हजर होते आणि त्यांनी लगेच हरकत घेतली.

माझ्यापुढे तीन वाक्ये आहेत:

क) सभासदांनी पर्यायाने माजी खजिनदारांचा उल्लेख केला.
ख) सभासदांनी अप्रत्यक्षपणे माजी खजिनदारांचा उल्लेख केला.
ग) सभासदांनी आडून माजी खजिनदारांवर टीका केली.

यातले कोणते ठेवावे? आणि ‘पर्यायाने’चा खरा अर्थ काय धरायचा? तो कुठे ‘त्यामुळे’सारखा दिसतो, कुठे ‘म्हणजेच’सारखा, तर एखाद्या फॉर्मवर चक्क ‘किंवा’सारखा.

मुद्रितशोधक_नौपाडा

‘क’ बाद करा. आजच्या मराठीत ‘पर्यायाने’ उल्लेखाला लागत नाही, परिणामाला लागतो. एका गोष्टीतून दुसरी घडते, दुसरीतून तिसरी, आणि पहिलीचा तिसरीशी संबंध सांगायचा असतो, तिथे हा शब्द बसतो.

“मोरबे धरणातला साठा घटला की पाणीकपात लागू होते आणि पर्यायाने सोसायट्यांचा टँकरवरचा खर्च वाढतो.”

साठा घटला म्हणून टँकरचे बिल आपोआप येत नाही. मध्ये पाणीकपात आहे. असा मधला टप्पा बोट ठेवून दाखवता येत असेल तर ‘पर्यायाने’ ठेवावे, नसेल तर साधे ‘त्यामुळे’ लिहावे. “पाऊस पडला, पर्यायाने रस्ते ओले झाले” हे वाक्य खटकते ते याच कारणाने. पाऊस आणि ओला रस्ता यांच्यामध्ये काहीच नाही.

दुसरा रूढ उपयोग ‘म्हणजेच’च्या जवळचा. “हा समितीचा, पर्यायाने सर्व सभासदांचा अपमान आहे.” समिती सभासदांनी निवडलेली असते, म्हणून तिचा अपमान तो सभासदांचा. इथेही मधला दुवा आहे, फक्त तो घटनेचा नसून प्रतिनिधित्वाचा आहे. या रचनेत सगळ्यात जास्त बिघडते ती विभक्ती. ‘पर्यायाने’च्या दोन्ही बाजूंची नामे एकाच विभक्तीत हवीत: समितीचा–सभासदांचा, समितीवर–सभासदांवर. “समितीवर आणि पर्यायाने सभासदांचा अविश्वास दाखवला” असली वाक्ये प्रुफात नेहमी येतात आणि त्यांत अविश्वास कोणी कोणावर दाखवला हेच कळेनासे होते.

‘पर्यायाने’च्या पुढे स्वल्पविराम देऊ नका. ती इंग्रजी वळणाची सवय आहे. मराठीत त्याच्या आधी स्वल्पविराम किंवा ‘आणि’ येतो, पुढे काही लागत नाही.

सई_ऐरोली

“पर्यायाने आपण अर्ज ऑनलाइनही भरू शकता.” हे चालेल का? कार्यालयांच्या सूचनांत पाहिले आहे.

मुद्रितशोधक_नौपाडा

नको. ‘पर्याय’ म्हणजे निवडीची दुसरी वाट, हा अर्थ डोक्यात ठेवून तो प्रयोग बनवला जातो. वाचणाऱ्याला मात्र ‘त्याचा परिणाम म्हणून’ असे ऐकू येते आणि ऑनलाइन अर्जाशी त्याचा मेळ बसत नाही. ‘किंवा’, ‘त्याऐवजी’, ‘हवे असल्यास’ यांपैकी काहीही लिहा. नामच वापरायचे असेल तर ‘अर्ज ऑनलाइन भरण्याचाही पर्याय आहे’ हे स्वच्छ वाक्य आहे.

खारीगावकर

मुद्रितशोधक काकांच्या पहिल्या विधानाला थोडी पुरवणी जोडतो, कारण ‘पर्यायाने’चा उल्लेखाशी संबंध नाही असे म्हणणे शब्दाच्या कुळाला धरून नाही.

‘पर्याय’ हा परि + इ या धातूवरून आला. परि म्हणजे भोवती, इ म्हणजे जाणे. सरळ न जाता वळसा घालून जाणे हा त्याचा मूळ भाव. संस्कृत काव्यशास्त्रात तर या नावाचा अलंकारच आहे: पर्यायोक्त. काव्यशास्त्रकार दंडीने त्याची व्याख्या अशी केली आहे की, मनातली गोष्ट साक्षात न सांगता तीच साधण्यासाठी वेगळ्या प्रकाराने बोलणे. त्याचे उदाहरणही फार सुंदर आहे. प्रियकर-प्रेयसीची भेट घडवून दिल्यावर मैत्रीण म्हणते, “तो कोकीळ आंब्याचा मोहोर कुरतडतोय, मी त्याला हाकलून येते. तुम्ही दोघे निवांत बसा.” ‘मी जाते, तुम्हाला एकांत देते’ हे तिने एका शब्दानेही म्हटलेले नाही, तरी दोघांना ते कळते.

म्हणजे ‘पर्यायाने सांगणे’ याचा ‘वळसा घेऊन सांगणे’ हा अर्थ मुळात पक्का आहे. आज त्याची परिणामवाचक छटा वर आली, कारण वळसा आता बोलण्याला न राहता घटनांच्या साखळीला लागला. मधला टप्पा असणे हे दोन्हीकडे समान आहे. काकांनी दिलेली कसोटी याच मुळावर उभी आहे.

मुद्रितशोधक_नौपाडा

व्युत्पत्तीला माझी हरकत नाही, उलट तुमच्या पुरवणीने मुद्दा नीट बसला. फक्त क्रियापद पाहून निर्णय घ्यावा असे सुचवतो. ‘पर्यायाने सुचवले’, ‘पर्यायाने मान्य केले’ ही वाक्ये आजही चालतात, कारण सुचवणे किंवा मान्य करणे याला निष्कर्षाचा टप्पा असतो. “दंडाची रक्कम भरून त्यांनी थकबाकी पर्यायाने मान्य केली” हे उत्तम वाक्य आहे. ‘पर्यायाने उल्लेख केला’ मात्र अडते, कारण उल्लेख म्हटला की नाव आले, आणि इथे तर नावच नाही.

चरईचा_अनुवादक

मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. क्रियाविशेषणापासून सुरुवात केली तर तो सुटणारही नाही. आधी एवढे पाहावे की बोलण्यात झाकलेले काय आहे. मराठीत त्यावर शब्द ठरतो.

बोलणारा स्वतः झाकला असेल, तर आडून. ‘आड’ला पंचमीचा ‘ऊन’ लागून तो झाला. दाराआडून, पडद्याआडून यांत जी जागा आहे तीच बोलण्यात आली. कोणाचे तरी नाव पुढे करून, ‘लोक म्हणतात’ असे सांगून, निनावी पत्र टाकून बोलणे म्हणजे आडून बोलणे. यात भित्रेपणाचा ठपका येतो. तुमचे सभासद सभेत उभे राहून, सगळ्यांसमोर बोलले. ते आडून बोलले असे लिहिणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय. ‘ग’ तिथेच बाद होते. ‘आडून आडून’ अशी द्विरुक्ती झाली की अर्थ पुन्हा सरकतो. “तो आडून आडून पगार विचारत होता” यात माणूस समोरच असतो, पण हेतू लपवून पुन्हा पुन्हा खडा टाकून पाहत असतो. म्हणून ‘आडून आडून’ बहुधा विचारण्याला लागते, सांगण्याला क्वचित.

ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो झाकला असेल, तर मराठी क्रियाविशेषण शोधतच नाही. नाव न घेता हा धातुसाधित प्रयोग करते, नाहीतर रोख हे नाम वापरते: “त्यांच्या बोलण्याचा रोख माजी खजिनदारांकडे होता.” तुमचे प्रकरण नेमके या खणातले. आता इथे एक धोका आहे. हिशेबाच्या कागदात नुसते ‘रोख खजिनदारांकडे होता’ असे लिहिले तर वाचणारा रोख रक्कम समजेल. ‘बोलण्याचा रोख’ किंवा ‘विधानाचा रोख’ असेच पूर्ण लिहायला हवे.

अर्थच झाकला असेल, म्हणजे माणूस माहीत, विषय माहीत, पण म्हणायचे काय ते शब्दांत नाही, तर सूचकपणे. ‘ते सूचकपणे हसले.’ ‘त्यांनी सूचक मौन पाळले.’ परीक्षेसाठी आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकतो, त्यातल्या व्यंजनेचे, म्हणजे शब्दांपलीकडचा अर्थ सुचवण्याच्या शक्तीचे, हे क्षेत्र. ‘सूर्य मावळला’ एवढेच म्हटले तर गुराख्याला गुरे वळवायची वेळ कळते आणि पूजेला बसणाऱ्याला संध्येची. पण सोसायटीच्या इतिवृत्तात ‘सूचकपणे’ टाळा. प्रत्येक ठरावाखाली ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ अशा दोन ओळी असतात. तिथे सूचक म्हणजे ठराव मांडणारा. त्याच पानावर ‘सूचकपणे बोलले’ आले की वाचणारा क्षणभर चुकतो.

आणि कशावरच पांघरूण नसेल, फक्त कारण आणि परिणाम यांच्यात अंतर असेल, तर काकांनी सांगितलेले ‘पर्यायाने’.

‘अप्रत्यक्षपणे’ या सगळ्यांवरची मोठी छत्री आहे. म्हणून ते चुकत नाही, पण नेमके काय झाले तेही सांगत नाही. ‘ख’ व्याकरणाने बरोबर आहे. इतिवृत्तासाठी मी तरी ते घेणार नाही.

कोलबाड

मग ‘तिरकसपणे’? ऑब्लिक म्हणजे तिरका, शब्दाला शब्द जुळतो.

चरईचा_अनुवादक

तिथेच फसगत होते. ‘तिरकस’ म्हटले की टोमणा आला, बोलणाऱ्याच्या मनात कडवटपणा आला. इंग्रजी शब्दात तो असेलच असे नाही. भाषांतरात ‘तिरकसपणे’ घातले तर मूळ मजकुरात नसलेला दोषारोप तुम्ही पदरचा घातलात. निव्वळ वळसा दाखवायचा असेल तर ‘आडवळणाने’ हा शब्द आहे. त्यात लांबण असते, आकस नसतो. ‘आडमार्गाने’ मात्र वेगळाच. तो बोलण्याला लागत नाही, कृतीला लागतो आणि ती कृती नियमबाह्य असल्याचे सांगतो. “आडमार्गाने परवानगी मिळवली” असे लिहाल तर तो आरोप झाला.

‘ओझरता उल्लेख’ आणि ‘जाता जाता’ हेही याच गर्दीत नको तिथे शिरतात. ओझरत्या उल्लेखात नाव स्पष्ट घेतलेले असू शकते, फक्त ते एका वाक्यात आटोपलेले असते. तो कमी-जास्ताचा प्रश्न आहे, थेट-आडचा नाही. ‘मोघम’चेही तसेच. तिथे तपशील गाळलेला असतो. “काम लवकरच होईल” हे मोघम उत्तर आहे, पण त्यात आडून काही नाही.

सई_ऐरोली

‘लेकी बोले सुने लागे’ यातला प्रकार कोणता धरायचा? बोलणारी समोर आहे, जिला लागायचे ती सूनही समोरच आहे.

खारीगावकर

फार चांगला प्रश्न. इथे दोन नाही, तीन जागा असतात: बोलणारी सासू, वरवर जिला उद्देशून बोलणे चालले आहे ती लेक, आणि खरे लक्ष्य असलेली सून. लेक ही नुसती वाट आहे. समोरच्याला बोलायचे पण तोंड दुसरीकडे ठेवायचे. ही मधली व्यक्ती माणूस नसून झाड, पक्षी, प्राणी असली की शाळेच्या पुस्तकातला अन्योक्ती अलंकार होतो.

या तीन जागांच्या रचनेला मराठीत एकच क्रियाविशेषण नाही. वाक्यातच ते मांडावे लागते: “व्यवस्थापकाला उद्देशून बोलत असले तरी त्यांचे लक्ष्य समिती होती.” उद्देशून आणि अनुलक्षून यांतला भेदही इथेच उपयोगी पडतो. ज्याच्याकडे तोंड करून बोलतो त्याला ‘उद्देशून’, ज्या गोष्टीकडे नजर ठेवून बोलतो तिला ‘अनुलक्षून’. सभेला उद्देशून भाषण, टाकीच्या गळतीला अनुलक्षून विधान. दोन्हींच्या मागे द्वितीयेचा प्रत्यय लागतो, ‘च्या अनुलक्षून’ होत नाही.

अवांतर: जुन्या घरांतल्या स्त्रियांच्या बोलण्यात तर स्थलवाचक क्रियाविशेषणच नवऱ्याच्या नावाच्या जागी बसले होते. “इकडून सांगणं झालं होतं”, “तिकडून पत्र आलं”, “इकडचा स्वभाव तसा नाही”. नाव घ्यायचे नाही, सर्वनामही जवळचे वाटते, म्हणून माणसाऐवजी दिशा. त्याबरोबर क्रियापदही बदलते हे पाहण्यासारखे आहे. ‘ते म्हणाले’चे ‘इकडून म्हणणं झालं’ होते. कर्ता जातो, क्रिया नाम होऊन बसते आणि ‘झालं’ त्या नामाला लागते. नाव टाळायचे म्हणून अख्ख्या वाक्याची घडण बदलली. जुनी नाटके-कादंबऱ्या भाषांतरित करताना ‘इकडून’ला दिशा समजून चालणारे हमखास चुकतात. उलट बाजूने, आज तशा काळातले संवाद लिहायचे असतील आणि ‘इकडून’ घेतले, पण क्रियापद ‘म्हणाले’ ठेवले, तर ते बनावट वाटते.

घणसोली_अकरा

कायद्याच्या भाषांतराच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण प्रश्न इतिवृत्ताचा आहे आणि इतिवृत्त पुढे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे किंवा न्यायालयात पुरावा म्हणून जाऊ शकते.

पहिली. कंत्राट, उपविधी, निविदा यांत ‘प्रत्यक्षपणे किंवा अप्रत्यक्षपणे’ ही जोडी येते. समितीच्या सदस्याचा संस्थेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध नसावा, अशा प्रकारे. रंगकामाचे कंत्राट सदस्याने स्वतः घेतले तर प्रत्यक्ष, पत्नीच्या नावावरच्या फर्मला मिळाले तर अप्रत्यक्ष. इथे ‘अप्रत्यक्षपणे’ हलवू नका, ‘पर्यायाने’ तर मुळीच घालू नका. ‘पर्यायाने हितसंबंध’ म्हटले की तो कशाचा तरी परिणाम वाटतो आणि कलमाची धार जाते. तीच गोष्ट पारिभाषिक जोड्यांची: प्रत्यक्ष कर–अप्रत्यक्ष कर, प्रत्यक्ष निवडणूक–अप्रत्यक्ष निवडणूक. जीएसटी दुकानदार भरतो, भार ग्राहकावर येतो, म्हणून तो अप्रत्यक्ष कर. ठाणे असो की नवी मुंबई, मतदार नगरसेवक निवडतात आणि महापौर नगरसेवकांच्या मतांनी ठरतो, म्हणून ती अप्रत्यक्ष निवड. यांत मधला टप्पा असूनही ‘पर्यायाने’ चालत नाही, कारण शब्द परिभाषेत बांधला गेला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नाव घेतले नाही म्हणजे बदनामी होत नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम 499 मध्ये होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्येही आहे की, पर्यायी रूपात किंवा उपरोधाने केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो. कलमाखालची उदाहरणे तर या धाग्याच्या विषयाचीच आहेत. घड्याळ कोणी चोरले असे विचारल्यावर एखाद्याकडे नुसते बोट दाखवणे, किंवा ‘तो प्रामाणिक माणूस आहे, त्याने घड्याळ कधीच चोरले नाही’ असे अशा हेतूने म्हणणे की ऐकणाऱ्याला त्यानेच चोरले असे वाटावे. अपवादांत न बसणारे असे बोलणे किंवा खुणावणे बदनामीत मोडते.

आता इतिवृत्त लिहिणाऱ्याची जबाबदारी बघा. सभासदाने नाव घेतले नव्हते. इतिवृत्तात ‘अप्रत्यक्षपणे माजी खजिनदारांचा उल्लेख केला’ असे लिहिले की नाव लिहिणाऱ्याने जोडले. बोलणाऱ्याने मोकळी ठेवलेली जागा सचिवाने भरली. उद्या सभासद म्हणतील, मी समितीविषयी बोललो, खजिनदारांविषयी नाही. ते खोडून काढायला सचिवाकडे काय आहे?

मुद्रितशोधक_नौपाडा

पूर्ण सहमत. बातमीत “अमुक यांचे नाव न घेता तमुक यांनी टोला लगावला” असे छापतात तेव्हाही नाव बातमीदारच घालतो. त्यासाठी आधार हवा. भाषणात पद, घटना, ठिकाण किंवा काळ यांपैकी निदान एक खूण अशी असली पाहिजे की ती एकाच माणसाला लागू पडते. तुमच्या वाक्यात ‘गेल्या वर्षी’, ‘टाकीचे काम’ आणि ‘बिले सभेपुढे ठेवणे’ अशा तीन खुणा आहेत. तरीही बिले सभेपुढे ठेवायची कोणी, खजिनदाराने की सचिवाने, हा प्रश्न उरतो. म्हणजे त्या एकाच माणसावर येत नाहीत.

वाक्यातल्या शब्दाच्या जागेकडेही लक्ष द्या. “सभासदांनी अप्रत्यक्षपणे खजिनदारांवर आरोप केला” यात ‘अप्रत्यक्षपणे’ आरोपाची पद्धत सांगते. “अप्रत्यक्षपणे सभासदांनी खजिनदारांवर आरोपच केला” यात तो शब्द पुढे आल्यावर लिहिणाऱ्याचा निष्कर्ष होतो, आणि ‘च’ने तो आणखी घट्ट होतो. संपादकीयात दुसरे वाक्य शोभेल, इतिवृत्तात पहिलेही नको.

सई_ऐरोली

‘परोक्षपणे’ लिहिले तर? हिंदी मजकुरात ‘परोक्ष रूप से’ सर्रास असते.

खारीगावकर

हिंदीतले ‘परोक्ष’ मराठीत जसेच्या तसे आणले की अर्थ पालटतो. पर म्हणजे पलीकडे आणि अक्ष म्हणजे डोळा, जे डोळ्यांपलीकडे ते परोक्ष. पाणिनीने लिट् लकार परोक्ष भूतकाळासाठी सांगितला तो याच अर्थाने, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या घटनेसाठी. मराठीत ‘परोक्ष’चा रूढ अर्थ ‘माघारी’. “परोक्षपणे टीका केली” वाचून मराठी माणसाला वाटेल की खजिनदार सभेत नव्हतेच.

त्यातून ‘अपरोक्ष’चा घोळ वेगळाच. अपरोक्ष म्हणजे परोक्ष नसलेले, अर्थात प्रत्यक्ष. वेदान्तात ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हणजे साक्षात अनुभवाने आलेले ज्ञान. आणि बोलण्यात मात्र “माझ्या अपरोक्ष हे ठरवले” असे अगदी उलट अर्थाने म्हणतात. एकच शब्द दोन विरुद्ध अर्थांनी वाचला जाणार असेल तर कामाच्या कागदात तो नको. ‘माघारी’, ‘गैरहजेरीत’, ‘अनुपस्थितीत’ हे सरळ शब्द आहेत. ‘पश्चात’ही इथे घालू नये. “त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले असा परिवार आहे” या वाक्याची आठवण इतकी पक्की आहे की हयात माणसाबद्दल ते वाचवत नाही.

कोलबाड

‘अनुल्लेखाने’ राहिला. ‘अनुल्लेखाने मारणे’.

चरईचा_अनुवादक

तो आपल्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाचा आहे. नाव न घेता केलेल्या टीकेत माणूस वाक्यात असतो, नाव नसते. अनुल्लेखाने मारण्यात माणूसही वाक्यात नसतो. जिथे त्याचे नाव यायलाच हवे होते, आभाराच्या यादीत, कामाच्या अहवालात, तिथे ते गाळलेले असते. हा अर्थ ‘मारणे’ या क्रियापदाशी बांधलेला आहे. ‘अनुल्लेखाने टीका केली’ असा प्रयोग होत नाही.

नेरूळ_सेक्टर_वीस

सगळ्यांचे म्हणणे धरून मजकूर असा केला आहे. पाहून सांगा:

“विषय क्र. 4, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. चर्चेदरम्यान एका सभासदांनी पुढील विधान केले: ‘गेल्या वर्षी टाकीच्या कामाची बिले ज्यांनी सभेपुढे ठेवली नाहीत, त्यांनी आज पारदर्शकतेवर बोलू नये.’ विधानात कोणाचेही नाव घेण्यात आले नाही. सदर विधान अप्रत्यक्षरित्या आपल्याला उद्देशून असल्याचे सांगून माजी खजिनदारांनी त्यावर हरकत नोंदवली. अध्यक्षांनी हरकतीची नोंद घेण्यास सांगितले.”

प्रत्यक्ष कागदात दोघांची नावे आणि सदनिका क्रमांक येतील.

घणसोली_अकरा

आता बरोबर झाले. बोललेले शब्द अवतरणात आहेत, नाव घेतले नाही ही वस्तुस्थिती वेगळ्या वाक्यात आहे, आणि विधान कोणाबद्दल होते हे ज्याला लागले त्याच्याच तोंडून आले आहे. सचिवाने स्वतःचा निष्कर्ष कुठेच घातलेला नाही. इंग्रजी मसुदाही याच धर्तीवर दुरुस्त करून घ्या, नाहीतर दोन भाषांतल्या प्रती एकमेकींना जुळणार नाहीत आणि वाद झाला तर दोन्हींवर प्रश्नचिन्ह लागेल.

चरईचा_अनुवादक

‘अप्रत्यक्षरित्या आपल्याला उद्देशून’ यातला पहिला शब्द काढा. उद्देशून असणे हा खजिनदारांचा दावा आहे आणि तो त्यांनी ठामपणे केला आहे. त्यात ‘अप्रत्यक्ष’ घातले की त्यांची हरकत पातळ होते. त्यांनी स्वतः तो शब्द उच्चारला असेल तरच ठेवा. ‘उद्देशून’ऐवजी ‘आपल्याविषयी’ही चालेल, कारण सभासद बोलत होते ते सभेला उद्देशून.

मुद्रितशोधक_नौपाडा

आणि ठेवलाच तर ‘अप्रत्यक्षरीत्या’, री दीर्घ. ‘रीति’ या संस्कृत शब्दाची तृतीया ‘रीत्या’, म्हणून कायदेशीररीत्या, योग्यरीत्या, अप्रत्यक्षरीत्या. ऱ्हस्व ‘रित्या’ कुठेच नाही. शंका नको असेल तर ‘अप्रत्यक्षपणे’ लिहा. मात्र ‘अप्रत्यक्षरीत्याने’ किंवा ‘अप्रत्यक्षपणेने’ असा दुहेरी प्रत्यय लावू नका. ‘विषय क्र. 4’नंतरचा स्वल्पविराम काढून तिथे विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविराम चिन्ह द्या आणि त्याच्या आधी एक जागा सोडा, म्हणजे आकड्याला चिकटून ते विसर्ग वाटणार नाही.

नेरूळ_सेक्टर_वीस

‘अप्रत्यक्षरित्या’ काढले, ‘आपल्याविषयी’ घेतले. अपूर्णविरामही दिला. इंग्रजी मसुद्यातले ते वाक्य बदलून घेण्यासाठी सचिवांना आजच कळवते.